एकोणीस डेसिबलची सूट

रात्री पावणेदोनला तिवई उघडली
हुपरीच्या अलीकडे, पायगोंडा मगदुमांच्या परड्यात.
मायक्रोफोनला फोमचं टोपडं,
जमिनीपासून दीड मीटर, भिंतीपासून साडेतीन.
कुंपणापलीकडे, उसाच्या वर,
दोन नंबरचा ट्रान्सफॉर्मर
एकच खर्ज धरून बसलेला,
मध्ये श्वाससुद्धा न घेता.

तारांवर दव. मधूनच चुरचुर,
तापल्या कढईत पाण्याचा हात झटकावा तशी.
ती वहीत वेगळी लिहिली.
कुत्रं भुंकलं की मी मोजणी थांबवायचे,
त्याचं संपेपर्यंत उभी राहायचे.
कुत्र्याबद्दल तक्रार नव्हती.

मगदूम घोंगडं घेऊन उंबऱ्यावर.
चाळीस वर्षं चांदीची घुंगरं केलेली.
एकेक कानाशी हलवून सांगायचे
कुठल्यात रवा अडकलाय, कुठला डाग कच्चा.
"आता कळंना बगा," म्हणाले,
"समद्या घुंगरांत ह्योच शिरलाय."

चव्वेचाळीस पूर्णांक तीन.
रात्रीची मर्यादा पंचेचाळीस.
आकडा त्यांच्यापुढं धरला.
"म्हंजे कायद्यात बसतंय."
"बसतं."
"आनि मी हितं बसलोय."

मग सांगितलं, जे सहसा सांगत नाही:
ह्या मीटरला माणसासारखं ऐकायला शिकवलंय,
खालच्या सुरांकडे तो कानाडोळा करतो.
शंभर हर्ट्झला एकोणीस डेसिबल माफ.

"माफ कुणी केलं?"

रियाज मुल्लाणी गाडीतून उतरून
केबल गुंडाळत होता, तो थांबला.
माझ्याकडे प्रमाणाचा क्रमांक होता.
तो मी दिला नाही.

फिल्टर काढला. एकसष्ट.
मगदुमांनी पडद्याकडे पाहिलंच नाही,
मान एका बाजूला, डोळे मिटलेले.
"दिवाळीपास्नं आवाज फाटलाय त्याचा.
आत कायतरी ढिलं हाय."

फॉर्ममध्ये एकसष्टला रकाना नाही.
शेऱ्यात लिहिलं: डाग कच्चा असावा.
वरचे साहेब विचारतील, कसला डाग.

पार्श्वभूमीची नोंद तेवढी राहिली.
त्यासाठी ह्याला तासभर बंद करावं लागतं,
आणि रात्रीची वीज उसाला सुटलेली,
पंप चालू, पाटात पाणी.
त्या परड्यातली नुसती रात्र किती डेसिबलची,
ती जागा कोरी आहे अजून.