बावीस

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
माझे दिसले बावन्नाव्या वर्षी,
तेही या लोखंडी पाळण्यात,
जो तारेवरून खाणीपर्यंत वर जातो
आणि बाजाराच्या डोक्यावरून खाली येतो.
वर सात मिनिटं, खाली सात,
आणि त्यात मी, त्सियाला,
दार लावणारी, दार उघडणारी.

खाणकामगारांचं वाचनालय बंद झालं
तेव्हा पुस्तकं किलोवर विकली.
बटाट्याच्या पोत्यात मावली तेवढी मी आणली.
बावीस मावली.
म्हणून बावीस. दुसरा काही विचार नव्हता.
दोन जानेवारीला दाराच्या आतून खडूने आकडा लिहिला
आणि समोरच्या पाळण्याला सांगून टाकलं.

समोरचा पाळणा म्हणजे ओतारी.
मी वर जाते तेव्हा तो खाली येतो.
वीस वर्षं एवढाच आमचा शेजार:
दरीच्या ऐन मध्यावर, एका श्वासाइतका.
त्यात हवा, गुडघे, कांद्याचा भाव मावायचा.
आता तो काचेतून ओरडू लागला: किती?
मी बोटं दाखवायची.

नव्याचे नऊ दिवस बरे गेले.
मग मी हिशेब घालू लागले,
सात मिनिटांत पाच पानं, दिवसाच्या फेऱ्या अमुक,
जाडी पुस्तकं मागे, बारकी पुढे.
वर्णन आलं की डोळा उडी मारायचा.
नदी, संध्याकाळ, कुणाची तरी मावशी,
सगळं ओलांडून पान उलटायचं.
मँगनीजने काळा झालेला माझा अंगठा
प्रत्येक कोपऱ्यावर उमटलेला.
कुणी तपासलं असतं तर शपथेवर म्हणालं असतं, वाचलंय.
मार्चअखेर चार झाली.
मी सहा बोटं दाखवली.

एप्रिलमध्ये वीज गेली.
जाते अधूनमधून, पण त्या दिवशी दोन्ही पाळणे
मध्यावरच थांबले, समोरासमोर,
हात पोचणार नाही, हाक पोचेल अशा अंतरावर.
माझ्याकडे दोन खाणकामगार
आणि पिशवीत कोंबडी घेतलेली एक बाई.
त्याच्याकडे कुणीच नाही.
त्याने काच खाली केली.
किती, असं विचारलं नाही.
मांडीवरचं कशाबद्दल आहे, म्हणाला.

एक म्हातारी आहे, म्हटलं. एक गाढव आहे.
‘मग?’

वारा तारेवर घासत होता.
कोंबडीसुद्धा गप्प.
पिशवीवाली बाई माझ्याकडे बघत होती,
माप कमी भरल्यावर वाण्याकडे बघतात तशी.

मी पहिलं पान उघडलं
आणि मोठ्याने वाचू लागले, दरीपलीकडे ऐकू जाईल असं.
नदी आली, वाचली.
संध्याकाळ आली, तीही वाचली.
मावशी आली, आणि काय सांगू,
अख्खं पुस्तक तिच्याच शिव्यांवर उभं होतं!
माझ्याच अंगठ्याचे ठसे होते पानोपानी
आणि मी तिथे कधी आलेच नव्हते.
धाकटा खाणकामगार म्हणाला, जरा हळू.
तासाभराने पाळणा हलला
तेव्हा कुणीतरी ‘च्च’ केलं.
मीच असेन.
दूर जाता जाता ओतारीला बोटं दाखवली: तीन.

आता डिसेंबर. नऊ झालीत.
गाढवाचं दोनदा वाचलं, ते एकच धरलंय.
येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बाह्यांनी
दारावरच्या बाविसातला एक दोन पुसून नेला,
दुसरा फिकटलाय. मी खडू शोधलेला नाही.
पोतं पलंगाखाली अर्ध्याहून जास्त भरलेलं आहे,
झोपताना टाच लागते.

ओतारी हल्ली बोटं मागत नाही.
रोज सकाळी पहिल्या फेरीला, मध्यावर,
काचेला तोंड लावून एवढंच: मग?
एका श्वासात किती सांगणार?
एक वाक्य. फार तर दीड.
त्याच्यासाठी ते गाढव अजून बाजाराच्या वाटेवरच आहे.
रात्री भांडी घासताना मी उद्याचं वाक्य तासते,
जास्तीचा शब्द राखेबरोबर जातो.
सात-दहाच्या फेरीचं तयार आहे:

म्हातारी अर्ध्या वाटेत थांबली.
म्हणाली, नाही विकत.