ओला फडका

लोर्ना, तुझा इमूच्या पिसांचा झटकणा
आज मी पिशवीत घालून, गाठ मारून बाहेर ठेवला.
रागावू नकोस. नर्सबाईंनीच सांगितलं.
टॅमसिन नाव तिचं, वयानं पोरच,
दारातच बूट काढून आत आली,
मला माझ्याच बुटांची लाज वाटली.

तिनं जमिनीवर एक चौकट ठेवली, फूट बाय फूट,
तेवढीच जागा ओल्या कागदानं पुसली,
कागद बाटलीत, बाटलीवर आपलं नाव,
क्लोराइड स्ट्रीट, घर नंबर.
मी म्हटलं, बाई, हे घर आरशासारखं असायचं.
शुक्रवारी झटकणं, शनिवारी मेण.
लोक म्हणायचे, लोर्नाच्या जमिनीवर जेवायला बसावं.
ती म्हणाली, बसू नका.

टिलीच्या बोटातून एक थेंब घेतला.
रडली नाही. थेंबाकडेच बघत राहिली,
लाल मणी सापडल्यासारखी.
आठ दिवसांनी आकडा आला. चौदा.
पाचाच्या वर गेला की घरी येतात म्हणे.
चौदा म्हणजे काय?
म्हणजे लगेच काही दिसणार नाही, टॅमसिन म्हणाली.
शिशाचं हेच असतं.
पोर हसतं, खातं, धावतं,
आणि शाळेत गेल्यावर
अक्षरं त्याच्या हातून निसटायला लागतात.

एकतीस वर्षं मी जमिनीखालून वर आलो
आणि दरवेळी थोडी खाण घरी आणली,
बुटांच्या खाचांत, भुवयांत, डब्याच्या झाकणाखाली.
तू मागच्या दारात माझा शर्ट झटकायचीस.
ऊन असायचं. कण चमकायचे.
मी म्हणायचो, बघ, चांदी.

मग कंपनीनं हात झटकले. ते पेपरात आलं.
झटकलेल्या हातांची धूळ कुठं जाऊन बसली
ते कुणी छापलं नाही.

आता ऐक, मी कसं करतो.
झाडू नाही. झाडलं की ती उठते, तासभर तरंगते,
आणि उतरते नेमकी टिलीच्या उंचीवर.
दोन बादल्या, एक साबणाची, एक पिळायची.
आतल्या खोलीपासून दाराकडे, मागे मागे सरकत,
सुरुंगाची वात पेटवून आम्ही यायचो तसं.
खिडकीखालची फळी रोज.
तिथं उभी राहून ती गुलाबी काकाकुवे बघते
आणि लाकडाला जीभ लावते.
गुडघे बोलतात. बोलू देत.
तुझे बोलत नव्हते का?
मी पेपर वाचता वाचता पाय वर घ्यायचो
आणि तू खुर्चीखालचा केर काढून पुढं जायचीस.

आपली जेना दूर पश्चिमेला, तिथल्या खाणीत ट्रक चालवते,
महिन्यातून एकदा येते.
तिला मी आधी अंघोळीला पाठवतो,
मगच लेकीला कडेवर देतो.
ती चिडते. मग अंघोळीतच बराच वेळ थांबते.

परवा लाल वारा सुटला.
भर दुपारी दिवे लावले, टॉवेल भिजवून
दारांच्या फटींत कोंबले.
तरी सकाळी फळीवर थर, रेघ ओढता येईल एवढा.
टिलीनं त्यात माशासारखं काहीतरी काढलं,
बोट वर करून मला दाखवलं,
तोंडात नाही घातलं.
"धू," म्हणाली.
मी स्टूल सरकवलं, साबण दिला.
पाणी आधी तांबडं गेलं, मग राखाडी, मग पाण्यासारखं.

कालचा आकडा अकरा.
टॅमसिन खूश झाली. मी झालो नाही.
चौदातून तीन गेले, हे गणित मला येतं,
पण अकरा कुठं जाऊन बसलेत
ते मला कोण दाखवणार?

बाकी सगळं ओल्यानं पुसतो.
तुझा फोटो तेवढा नाही.
कडेनं पाणी आत गेलं तर
तुझ्या कपाळावर डाग पडेल.
टिली झोपली, तिच्या खोलीचं दार लागलं
की शर्टाच्या बाहीनं काच पुसतो,
कोरडीच,
श्वास रोखून.