म्हजो

मराठी शाळेत माझा-माझी-माझे
फळ्यावर तीनदा लिहावं लागलं होतं, चुकलं म्हणून.
मैदानावर शब्द एकच, तोही घरचा, कोकणीतला:
म्हजो!
दुमिंग मास्तर म्हणायचे, झेप मागाहून शिकशील,
आधी ओरडायला शीक.
बॅकचे डोळे पुढे असतात.
त्याच्या पाठीवरचा डोळा म्हणजे तुझा घसा.

बाबाला हे काही पटलं नाही.
वेळसांवच्या रापणीला अख्खा वाडा दोर ओढतो,
वाळूवर बांगडे येतात ते कुणाचेच नसतात,
वाटे पडतात. होडीचा, जाळ्याचा,
दोराला नुसता हात लावून गेलेल्या म्हातारीचाही.
तो एकदाच आला मॅच बघायला, टिळक मैदानावर.
परतताना बसमध्ये म्हणाला,
"एवढं म्हजो म्हजो करतोस
आणि हाती आला की लाथ मारून देऊन टाकतोस."

चौदा सीझन.
डॉकच्या मस्टरवर मी हेल्पर,
सकाळी आठला सही, दुपारी चारला प्रॅक्टिस.
डाव्या हाताची करंगळी धुळेरला मोडली,
ती अजून बाहेर वाकून असते,
आपला स्टॉप आला का बघणाऱ्या माणसासारखी.

मग फातोर्डा. सेमीफायनल, सत्त्याऐंशीवं मिनिट.
कॉर्नर उंच आला, दिव्यात शिरला,
दिव्यातून निघाला तेव्हा थोडा लहान झाला होता.
इनास माझ्या पुढे, पाठ माझ्याकडे.
मी तोंड उघडलं.
आवाज आला नाही.
घसा कोरडा नव्हता. भीती म्हणावी तर तीही नव्हती.
हा खरंच माझा आहे का,
असा विचार आला फक्त,
आयुष्यात पहिल्यांदा.
अर्धा श्वास.
इनासचं कपाळ, माझी मूठ,
आणि झोपेतून उठलेलं पोर मोरीकडे जातं
तसा बॉल
आत गेला.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो:
मी हवेत, तोंड उघडं, इनासच्या भुवईतून रक्त.
लोक म्हणाले, बिचारा जीव तोडून ओरडतोय बघा.
बायकोनं कात्रण जपून ठेवलंय,
विमा पॉलिसीच्या पिशवीत.
कागदाला काय, तो सगळ्यांचं खरं धरतो.

पुढं डॉकनं टीम बंद केली.
ग्रेड मिळायची होती, फाईलच्या मागे गेलो नाही.
भावानं ट्रॉलर एकट्याच्या नावावर केला,
मी म्हटलं, बरं झालं, तुला तीन मुलं.
वाड्यावर म्हणतात, पुंडलीकचं मन मोठं.
मन कसलं मोठं.
तो शब्द त्या रात्री फातोर्ड्याला राहिला,
छत्री राहते तसा,
आणि आणायला जायची लाज वाटली.

इनास कुवेतला गेला, वीस वर्षांनी परतला,
दोन्ही गुडघे तिथंच ठेवून.
एप्रिलात मी त्याच्याकडे जातो.
हुर्राक, लिंबू, मीठ, उभी चिरलेली मिरची.
आम्ही बोलतो पंपाच्या मोटारीवर, काजूच्या भावावर,
नव्या पोरांच्या हातमोज्यांच्या किमतीवर.
त्या मॅचवर नाही. तीस वर्षं नाही.

यंदा बोलला. ग्लासात बघत,
भुवईवरची जुनी शिवण बोटानं चोळत:
"पुंडलो, तू ओरडला होतास.
मी ऐकलं होतं स्वच्छ.
तरी उडी मारली.
ती चूक म्हजी."

मी ग्लास खाली ठेवला.
मागच्या परसात कुणीतरी झावळ्या ओढत नेत होतं,
तो आवाज लांब जाईपर्यंत ऐकला.
मग तोंड उघडलं,
कात्रणात आहे तेवढंच.

इनासनं मिरचीची बशी माझ्याकडे सरकवली.
घे, म्हणाला, तिखट नाही फार.