शिवण

कामठीच्या छावणीतल्या लिलावात
झिबल मास्तरांनी प्रोजेक्टर घेतला
आणि सोबत फुकट मिळालेला एक डबा.
डब्यात मुक्या सिनेमाचं एकच रीळ,
नावाचा तुकडा आधीच उडालेला.

तांडापेठेत पडदा कुठला?
हेडाऊंच्या मागावरची दोन कोरी पानं
जोडून शिवली, कडुलिंबाला बांधली.
मधोमध शिवण.
पळता पळता तिच्यावर आला की
जो तो जरासा लचकायचा:
टोपीवाला, त्याच्या मागचे अकरा शिपाई,
कुत्रासुद्धा.

मी तेव्हा वायर धरायला.
मे महिना, भिंती रात्री दहालाही तापलेल्या,
मागांची खटखट चालू, तेच संगीत.
इंग्रजी पाटी आली की मास्तर ओरडत,
एक अक्षर न वाचता:
"हा म्हणते, माह्या बायकोले काहून पाह्यलं बे!"
बायको पडद्यावर कुठंच नव्हती.
लोक तिलाही हसत.

मग ती फेकाफेक.
गोल, पांढरं, लुसलुशीत काहीतरी
एकाच्या हातून सुटे, दुसऱ्याच्या तोंडावर बसे.
"श्रीखंड!" मास्तर म्हणाले. पोरं लोळली.
लांब रोटीवाली कौतिका तेवढी हसली नाही.
दिवसभर तीही हेच करायची,
सैल कणीक झुलवत कोपरापर्यंत न्यायची
आणि उलट्या मडक्यावर टाकायची,
एकदाही नेम न चुकता.
"किती जणायचं जेवण झालं असतं," एवढंच बोलली,
हातावरच्या जुन्या चट्ट्यावरून बोट फिरवत.

शेवटी टोपीवाला
कपडे वाळवायच्या दोरीला लटकतो,
दोन माड्यांच्या मधे. खाली गल्ली.
दोरीचा एकेक पीळ सुटतोय
आणि हा लटकल्या लटकल्या
कुणाचातरी ओला मोजा
नीट चिमट्यात अडकवतो.

इथं कौतिका हसली.
पदर तोंडाशी न नेता, भांडं पडावं तशी.
तेवढ्यात रीळ संपलं. पुढचं डब्यात नव्हतंच.
कापडावर नुसती शिवण
आणि उजेडाला आलेले किडे.

मास्तर दर शनिवारी नवा शेवट सांगायचे.
गवताच्या बंडीत पडला. पोलिसात भरती झाला.
एकदा तर नागपूरलाच आला.
तिला एकही पटला नाही.

परवा, चाळीसेक वर्षांनी, इतवारीत
मी सांभाराचा भाव करत होतो.
आवाजावरून ओळखून तिनं बाही ओढली,
डोळ्यांना आता दिसत नाही फारसं.
नाव नाही विचारलं, घरचं नाही.
"काय बे वायरवाल्या,
उतरला का थो खाली?"

नाही अजून, म्हटलं.
"मंग दोरी तांडापेठेची असन,"
म्हणाली, आणि माझ्या पिशवीतली
काडीभर सांभार उचलून
चावत निघून गेली.