निव्वळ

धान गिरणीच्या वजनकाट्यावर मी बसतो.
भरला ट्रॅक्टर येतो, आकडा लिहितो.
रिकामा होऊन परततो, पुन्हा लिहितो.
दोन्हींच्या मधे जे उरतं त्याला निव्वळ म्हणतात.
एकोणीस वर्षं हेच.

त्यातूनच हे खूळ शिरलं असावं.
देवळाच्या कमानीला पाचशे एक दिले त्या साली,
पावती घेतली, घरी आलो,
आणि रात्रभर उशाशी काटा.
भरती पाचशे एक.
निव्वळ किती?

पानठेल्यावर कागद चिकटवला,
"द्यायचं ते कुठं दिलं तर जास्त कामी येईल,
यावर बोलू. गुरुवारी सात वाजता, काट्याच्या खोलीत.
चहा आहे."

पहिल्या गुरुवारी मी आणि थर्मास.
दुसऱ्या गुरुवारी पतरू गुरनुले, निवृत्त लाइनमन,
चहा संपवून म्हणाला,
"कागदानं माणसं येत नाही बाप्पा, माणसानं येतेत."
आणि तिसऱ्या गुरुवारी घेऊन आला
आशाताई सायत्राबाईला, काखेतल्या रजिस्टरसकट.
तिच्या मागं रेवनाथ मडावी,
नागभीडला बीएस्सीला,
कुठलाही आकडा दिसला की भागून पाहणारा.

गटाला नाव ठेवायला बसलो, दोन महिने भांडलो,
नाव राहूनच गेलं.
गाव म्हणू लागलं, "काट्यावरचे".

सायत्राबाई म्हणाली,
"रातच्याले बांधीत पाणी पाह्याले जातेत,
पायाखाली काय हाये ते दिसत नाही."
साप हा शब्द ती तोंडात घेत नाही.
म्हणून टॉर्च. साठ.
वडशाच्या दुकानदाराशी रेवनाथनं अशी घासाघीस केली
की तो शेवटी म्हणाला, दुकानच घेऊन जा.

पाच महिन्यांनी सायत्राबाईनंच विचारलं,
"जाऊन पाह्यलं का कोणी?"
कोणी पाहिलं नव्हतं.

चार संध्याकाळी घरोघर फिरलो.
तेवीस चालू.
चौदांचे सेल संपलेले, नवे कोणी टाकले नाहीत.
नऊ जावयांकडं गेले.
एकाचा पोरांनी भिंतीवर सिनेमा केला.
बाकीचे, "हाये घरातच, सापडत नाही."
रेवनाथनं वहीत नवा रकाना आखला
आणि वर लिहिलं, चुकलं.

ही वही ग्रामसभेत वाचायची ठरली.
पतरू म्हणाला, "काहून आपली इज्जत घालवता?"
तरी वाचली.
वाचून झाल्यावर बराच वेळ फक्त पंखा.
मग मागून वच्छला सहारे उठली,
नाटक कंपनीचे पडदे शिवते ती.
"कमानीले देल्ले, मंडळाले देल्ले, नाटकाले देल्ले.
चुकलं म्हणून सांगाले आजवर कोणी आलं नाही.
गुरुवारी किती वाजता म्हणता?"

त्या गुरुवारी नऊ जण.
खुर्च्या पुरल्या नाहीत, दोघं बाहेर काट्यावरच टेकले,
आणि आत माझ्या मशीनवर लाल आकडा उमटला,
एकशे दहा.
मी तो कुठंच लिहिला नाही.

आता भांडण वेगळंच.
वच्छला म्हणते, आपल्याकडं मच्छरदाण्या आहेत,
कोरचीकडच्या टोल्यांवर फाटल्यात,
तेवढ्याच पैशात तिथं जास्त लेकरं झोपतील.
पतरू म्हणतो, "आधी आपलं गाव."
रेवनाथ हळूच म्हणाला,
"काका, खांबावर चढताना पाहत होते का तुम्ही
तार कोणाच्या घरी जाते?"

पतरू दोन गुरुवार आला नाही.
तिसऱ्याला आला, बसला नाही,
टेबलावर पाचशे ठेवले.
"अर्धे इथं, अर्धे तिथं.
आन् तिथं जाऊन पाहीन मी."
अर्धे का, ते आम्ही विचारलं नाही.
रेवनाथनं मात्र तोंडातल्या तोंडात भागलं असणार.

परवा तळोधीच्या दोन मुली आल्या,
सायकली काट्याला टेकवून म्हणाल्या,
आमच्या गावात करायचंय असं काही,
सुरुवात कुठून करू?
मी थर्मास दाखवला.

पतरू बाहेरून ओरडला,
"आन् सेल कोण भरन, ते आधी ठरवा!"