शून्याचं टोक

सतरा नंबरच्या घराला पायऱ्या तीन,
कागदावर चार आल्या.
चौथी गोकळोनं सांगितली. जमिनीत गेलीय,
पण काळोखात पाय आधी तिलाच शोधतो.
मी ती तुटक रेषेनं काढली.
जे आहे पण दिसत नाही ते तुटक रेषेनं काढायचं,
हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.

वाडेगाळात आम्ही जानेवारीत उतरलो,
सांग्याहून जीपनं, पुढे चालत:
मी, ड्रॉइंग बोर्ड, तीस मीटरची कापडी फीत
आणि भिंतींवर आकडे घालायला तांबड्या ऑइलपेंटचा डबा.
धरणाचा इंजिनियर म्हणाला होता, पावसाआधी आटपा.

फितीचं शून्याचं टोक गोकळो धरायचा.
वय बारा. शाळा आधीच हलवली होती.
शून्य भिंतीला टेकवून तो ओरडायचा, "धरलां!"
आणि मी मागे मागे सरकत
घर संपेपर्यंत जायचो.

कपेलाची खिडकी: शिंपल्यांच्या काचा छप्पन्न, चार फुटक्या.
बोंडू तुडवायची, खडकात कोरलेली कोळमी: खोली एक वीत.
कायताननं आत उभं राहून तुडवून दाखवलं,
हंगाम नसताना, कोरड्या दगडावर,
बराच वेळ.

कुळागराच्या पाटाचा उतार घ्यायचा होता, लेव्हल नव्हती.
म्हाताऱ्या बोमोनं पाण्यात एक सुकी सुपारी सोडली
आणि म्हणाला, चल.
आम्ही तिच्या कडेनं गेलो, तिच्याच चालीनं,
मध्ये ती एका मुळाशी थांबली तेव्हा थांबलो.
उताराच्या रकान्यात मी "सुपारीची चाल" लिहिलं.
मग खोडलं.

द्रौपदा गावकरच्या भिंतीवरचा नऊ
रोज सकाळी शेणाखाली जायचा.
ती भांडली नाही कधी.
सारवता सारवता हात तिथवर पोचायचा, इतकंच.
मी नऊ पाच वेळा रंगवला.

मांडावर मोजायला काही नव्हतं.
चार बाजू घेतल्या, लिहिलं: मोकळी जागा.
बोमो हसला. "मोकळी?
मग चपला कशाला काढल्यास?"
मी खाली पाहिलं. काढल्या होत्या.

बावीस नंबर, सातेरीची रोयण.
चार खांब, वर चुडतांचं छप्पर,
आत वारूळ, माझ्या खांद्याला लागेल एवढं.
छापील तक्त्यात रकाने होते.
बांधकामाचं साहित्य: माती.
बांधणारे:
बांधकाम पूर्ण झाल्याचं वर्ष:
मंगळवारी उंची एक मीटर एकतीस.
शुक्रवारी एक मीटर बत्तीस.
फीत सैल पडली असेल म्हणून पुन्हा घेतली.
जल्मी बाजूला उभा होता, न्हाऊन आलेला, ओल्या केसांचा.
म्हणाला, "बरय, पूण पेन्सिलीन.
ती वाडटा."

पणजीत सगळे कागद शाईत गेले.
बावीस नंबर परत आला, वर शेरा:
उंची अनिश्चित, पुन्हा मोजावी.
तोवर ऑगस्ट झाला होता.

गोकळो वसाहतीत भेटला, पत्र्याच्या घरापाशी.
प्लॉट नंबर त्याला तोंडपाठ.
रोयणीची माती पाटीतून आणलीय, म्हणाला,
मागच्या कोपऱ्यात ठेवलीय.
वाढते का, मी विचारलं नाही.
त्यानंही फीत मागितली नाही.

फितीच्या टोकाला पितळी कडी आहे.
तिच्या बेचक्यात तिथली माती बसलीय, घट्ट.
आता कुठेही काही मोजलं तरी
शून्याच्या आधी ती येते.
दोन मिलिमीटर असेल.
वजा करायला हवी.
करत नाही.