धूमकेतू पुन्हा काढावा का

कोठावदे साहेबांचा फोन आला रविवारी दुपारी.
मी मेथी निवडत होते.
म्हणाले, बोरस्तेबाई, तुम्हीच सांगा,
धूमकेतू पुन्हा काढावा का?

सतरा वर्षांनी कोणीतरी विचारलं.
बंद करताना नव्हतं विचारलं.
तेव्हा गेटवर फक्त एक कागद, चिकटपट्टीने लावलेला,
वाऱ्याने एका कोपऱ्यातून उचकटलेला.

सातपूरला पपया नर्सरीच्या स्टॉपवर उतरून
अकरा मिनिटं चालत, शेड नंबर बावीस.
आम्ही चौदा बायका एका रांगेत,
समोर तापलेली सोल्डरची कांडी, केसांना राळेचा वास.
त्या खेळाच्या यंत्राला आम्ही डबा म्हणायचो
आणि जेवणाच्या डब्याला टिफिन,
घोटाळा नको म्हणून.

माझी जागा रांगेत शेवटची.
वर, खाली, डावं, उजवं, मग लाल बटण.
टीव्हीवर एक चौकोनी ससा उडी मारायचा.
मारली, की खाली शिक्का: ठीक.
दिवसाला दोनशे चाळीस ससे,
सगळे पहिल्याच पायरीपर्यंत.
पुढे काय, ते मला ठाऊक नाही.
पगारात डबा बसत नव्हता,
आणि घरी निखिल विचारायचा,
आई, शेवटच्या पायरीवर काय असतं गं?
गाजर, मी ठोकून द्यायचे.

बुधवारी गेले. आता ऑफिस कॉलेज रोडला, चौथ्या मजल्यावर, सगळं काचेचं.
इथे दुसऱ्यांच्या फोनवर चालणारे खेळ लिहितात.
साहेबांची ऋजुता म्हणाली,
दुसऱ्याच्या अंगणात किती दिवस रांगोळी काढायची?
गायधनी अकाउंटंट चष्मा पुसत म्हणाले,
अंगण झाडायचं काम तरी त्यांच्याकडे आहे ना.

दोघांचंही खरं वाटलं मला.
हीच तर पंचाईत.

साहेब म्हणाले, लोक अजून आठवण काढतात.
काढतात, मी म्हटलं,
पण त्यांना डबा नकोय, साहेब,
त्यांना अकरा वर्षांचं व्हायचंय.
ते बावीस नंबरच्या शेडमध्ये कधी बनत नव्हतं.

मग थोडं जास्तच बोलले.
म्हटलं, खेळ लिहिला, विकला, सुटलात.
डबा म्हणजे सोयरीक.
बिघडला की दारात येऊन उभा राहतो.
तुम्ही दार लावलंत,
तो भद्रकालीत गोसाव्याच्या टपरीवर जाऊन बसला.
मागच्या दिवाळीत सिन्नरहून एक माणूस आला होता तिथे,
एका लाल बटणासाठी, एसटीने, डबा टॉवेलात गुंडाळून.
गोसाव्याने दुसऱ्या मेलेल्या डब्यातलं काढून बसवलं.
वीस रुपये घेतले.

कोणी काही बोललं नाही. चहा आला, बिनसाखरेचा.

ऋजुताने नवा नमुना हातात दिला.
पांढरा, हलका, साबणाच्या वडीएवढा.
जुना डाय अंबडच्या कोणीतरी भंगारात नेला, म्हणे.
मी बटण दाबलं.
अंगठ्याला लगेच कळलं:
जातंय, पण परत यायला उशीर करतंय.
स्प्रिंग बदला, म्हटलं.
तिने लिहून घेतलं.
सतरा वर्षांत मी मेथी, पापड, निखिलचं लग्न,
आणि हे अंगठ्यात तसंच राहिलेलं.

काचेच्या कपाटात जुना डबा होता, आमच्या वेळचा,
खाली शिक्का. माझाही असेल, तनुजाचाही असेल.
तिथल्या एका पोराने तो जोडून दिला.
ससा आला. चौकोनी. तोच.
पहिली पायरी चढला. माझा हात सवयीने पुढच्या डब्याकडे गेला.
पुढचा डबा नव्हता.

दुसऱ्या पायरीवर ससा पडला.
पुन्हा पडला.
पोरगा हळूच म्हणाला,
मावशी, तिथे लाल दोनदा दाबायचं असतं.

दोनदा?
मी तर इतकी वर्षं एकदाच दाबत होते.

साहेब मागून विचारत होते, मग, काढावा का?
थांबा हो जरा, मी म्हटलं,
आणि खुर्ची पुढे ओढली.